खंडेनवमीनंतरची खरखर

१

रावजी गेला तो संस्कृती नावाच्या पोरीमुळं, हे कुणी शोधून काढलं नव्हतं. ते ठरवून टाकलं होतं, आणि ठरवणाऱ्यांचा तेवढ्यात चहासुद्धा गार झाला नव्हता.

मोडनिंबला हायवेच्या कडेला रावजीचं चहा-भज्यांचं हॉटेल. दिवाळी उलटल्यावर एका दुपारी कढईसमोर उभ्या उभ्या त्याच्या छातीत कळ आली आणि तो मटकन खाली बसला. बायकोनं, बजाबाईनं, समोरच्या भिंतीवर रंगवलेला रुग्णवाहिकेचा नंबर लावला. सोलापुरात आधारवेल रुग्णवाहिका केंद्रात संस्कृतीनं तो उचलला. नुसती खरखर झाली आणि फोन तुटला. बजाबाईनं परत लावला, परत तेच. शेवटी शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून रावजीला सोलापूरकडं आणलं, पण मोहोळच्या अलीकडंच सगळं संपलं. आणि केंद्राची रुग्णवाहिका त्या वेळी मोडनिंबच्याच पेट्रोल पंपावर उभी होती. ड्रायव्हर बिचारा फोनची वाट बघत बसला होता.

तेरावं झाल्यावर बजाबाई जाब विचारायला केंद्रात आली. व्यवस्थापक भीमाशंकर यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि बोट दाखवून सांगितलं, की तुमचा फोन या पोरीनं कापला. बजाबाईनं सगळ्यांसमोर संस्कृतीला शिव्यांची लाखोली वाहिली. संस्कृती मान खाली घालून उभी राहिली. त्याच संध्याकाळी तिला कामावरून घरी बसवलं. सोमवारी चौकशी, आणि चौकशी झाली की पोलिसांत तक्रार, असंही सांगितलं.

संस्कृती भवानी पेठेत अक्षताच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. अक्षता इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. त्याआधी बरीच वर्षं बेंगळुरूला तिनं संगणकाच्या कर्नेलवर काम केलं होतं; कर्नेल म्हणजे यंत्राच्या पोटात बसलेला कारभारी, कुणी कधी काय करायचं ते ठरवणारा. बाई हुशार, पण रागाची. पेठेतला भाजीवाला तिच्यासमोर तराजूला बोट लावायला धजायचा नाही.

"ताई, मी कापला नाही," संस्कृती जिन्यातच बसून म्हणाली. "मी हॅलो हॅलो करत होते. पलीकडून बाईंचा आवाज तुकड्या-तुकड्यानं येत होता. तुटल्यावर मी उलट फोन लावला, तर बिझी लागला. त्या परत आमच्याकडंच लावत असणार."

असं आधीही झालं होतं का, हे अक्षतानं विचारलं. झालं होतं. दुपारच्या पाळीत बरेचदा. आणि दर वेळी संस्कृतीनं संगणकावर 'आवाज तुटला' असाच शेरा टाकला होता. तोच तर तिच्या गळ्याशी आला होता. भीमाशंकर म्हणाले होते, यंत्र खराब असतं तर सगळ्यांचे आवाज तुटले असते. सगळ्या केंद्रात तो शेरा टाकणारी तू एकटीच कशी?

अक्षतालाही तेच कोडं पडलं. दुपारी चार मुली फोनवर बसतात, यंत्र एकच, आणि आवाज मात्र एकीचाच तुटतो.

२

केंद्राचे अध्यक्ष गुरुसिद्धप्पा अक्षताच्या आईचे मामा. चादरीच्या कारखान्यातून उभे राहिलेले, मनानं उदार, कानानं हलके. अक्षता सकाळी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, आज्जा, पोरीला फासावर द्यायच्या आधी यंत्र तरी बघू द्या. म्हाताऱ्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि चपला घातल्या.

भीमाशंकर दारातच भेटले. अंगानं गोरे, बोलायला गुळाची ढेप. त्यांनी सांगितलं, की यंत्राची तपासणी आपण कधीच करून घेतली आहे. सगळी व्यवस्था बघणारे शिवपुत्र म्हणून इंजिनिअर आहेत, त्यांनी त्या दुपारचा आकडा काढून दिला आहे. रावजीचा फोन आला त्या वेळी यंत्रावर भार होता फक्त बारा टक्के. "बारा टक्के, मॅडम. यंत्र झोपा काढत होतं. झोपा काढणारं यंत्र आवाज कशाला तोडेल?"

"बारा टक्के म्हणजे रुपयातले दोन आणे," गुरुसिद्धप्पा मान हलवून म्हणाले. जुन्या हिशोबाची सवय त्यांची गेली नव्हती.

मग त्यांनीच तिला हौसेनं यंत्र दाखवलं. काचेच्या खोलीत काळं कपाट, त्यावर हळदीकुंकवाची बोटं आणि फटीत अडकून वाळलेली झेंडूची पाकळी. म्हातारा खुलला. खंडेनवमीला कारखान्यातले माग बंद ठेवून पुसतात, हार घालतात, तसंच आपण याचंही केलं, म्हणाला. माग असो नाहीतर कॉम्प्युटर, ज्याच्यावर पोट चालतं त्याला वर्षातनं एकदा विसावा द्यायचा. तेवढ्या वेळापुरते फोन भीमाशंकरच्या मोबाइलवर वळवले होते. शिवपुत्र तेव्हा पुण्याला होता, त्याला कशाला त्रास द्यायचा, म्हणून बटण भीमाशंकरनंच बंद केलं आणि पूजा झाल्यावर चालू केलं. हे सगळं चाललेलं असताना भीमाशंकर खोलीच्या दाराशी उभे राहून घड्याळ बघत होते.

घरी येईपर्यंत अक्षताच्या डोक्यात ते दोन आणे वाजत राहिले. जिन्याच्या पहिल्या पायरीवरच ती थांबली. सोळा आण्यांत दोन आणे किती वेळा येतात? आठ वेळा. आणि त्या यंत्रात प्रोसेसर किती? आठ, कपाटावरच्या चिठ्ठीवर तिनं वाचलं होतं.

तिनं वर जाऊन संस्कृतीला समजावलं. "पंगतीत आठ वाढपी आहेत असं समज. फोनचा आवाज बारीक तुकडे होऊन यंत्रात येतो. दर तुकडा आला की दारावरचं कार्ड, म्हणजे बाहेरची तार जिथं येते ती पट्टी, हाक मारतं, माल आला, हातातलं सोडा आणि उचला. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. हाका आठांना वाटून गेल्या तर कुणालाच जड नाही. पण सगळ्यांनी पहिल्याच वाढप्याला हाक मारली तर तो घामाघूम होतो, ताटं रिकामी राहतात, आणि बाकीचे सात भिंतीला टेकून उभे. लांबून बघणारा हिशोब काय करील? आठांत एकच राबतोय, म्हणजे पंगतीत बारा टक्केच काम चाललंय."

"म्हणजे यंत्र झोपलं नव्हतं," संस्कृती म्हणाली.

"सात झोपले होते. एक मरत होता, आणि तुझ्या बजाबाईचा आवाज त्याच्याच हातात होता," अक्षता म्हणाली. आता फक्त ते डोळ्यांनी बघायचं राहिलं होतं.

३

शिवपुत्र दुसऱ्या दिवशी स्वतःच केंद्रात हजर झाला. तरतरीत गडी, पुण्याच्या दोन-तीन केंद्रांची कामंही त्याच्याकडंच. अक्षतानं कर्नेलवर काम केलंय कळल्यावर त्याला आनंदच झाल्यासारखा दिसला. इंटरप्टचा विषय तिनं काढायच्या आधी त्यानंच काढला.

यंत्रात हाका वाटून देणारा एक आपोआप चालणारा प्रोग्रॅम असतो. तो शिवपुत्रनं मुद्दाम बंद केला होता, कारण तो फोन चालू असताना मधेच वाटणी बदलायचा. हे खरं होतं. जाणते लोक असं करतात, हे अक्षतालाही माहीत होतं. त्याऐवजी त्यानं स्वतः हातानं वाटणी करून दिली होती, कार्डातून येणाऱ्या हाकांची एकेक रांग एकेका प्रोसेसरला.

"गणपतीच्या आधी वाटणी लावली, मॅडम. त्यानंतर आजपर्यंत मी त्याला बोट लावलेलं नाही. कुणीच लावलेलं नाही, पासवर्ड माझ्याकडंच असतो. तुम्हीच बघा."

त्यानं पडदा उघडला. आठही प्रोसेसर सारखे काम करत होते. दुपारची वेळ होती. पाळी बदलायला शहरातल्या रुग्णवाहिका परत आल्या होत्या आणि त्यांच्या कॅमेऱ्यांची चित्रं त्याच कार्डातून आत ओतली जात होती. दिवसातली सगळ्यांत जड वेळ. तरी पहिला प्रोसेसर निवांत होता. संस्कृतीच्या जागेवर बसलेल्या मुलीचा फोन घंटेसारखा खणखणीत चालला होता.

भीमाशंकर मागं उभे राहून गोड हसले. अक्षताच्या कानशिलात रक्त चढलं. तिचा एकुलता एक संशय तिच्या डोळ्यांदेखत खोटा पडला होता.

४

राग आला की अक्षता चालायला लागायची. त्या दिवशी ती केंद्राच्या मागच्या टपरीपर्यंत गेली आणि तिथं तिला सृष्टी भेटली. सृष्टी संस्कृतीच्याच पाळीतली, शेजारच्या खुर्चीवरची, बडबडी. संस्कृतीचं लई वाईट झालं म्हणत तिनं डोळे पुसले आणि पाठोपाठ भेळ मागवली.

तुझा आवाज कधी तुटला नाही का, असं अक्षतानं विचारलं. कधीच नाही, म्हणाली. मग ती आपल्याच नादात सांगायला लागली, की काम मात्र कंटाळवाणं झालं होतं, लोकांना कामधंदे नाहीत. दसरा झाल्यापासनं खोडसाळ फोनांचा नुसता ऊत आला होता. उचलावं तर पलीकडं कुणी बोलायचंच नाही, नुसती खरखर करून ठेवून द्यायचे. दुपारी तर कहरच. ती आणि बाकीच्या दोघी सरळ 'खोडसाळ' शेरा टाकून मोकळ्या व्हायच्या. तसा शेरा टाकला की आपल्या नावावर काही चढत नाही, असं भीमाशंकर सरांनीच सांगितलं होतं.

"हे खोडसाळ लोक अजून फोन करतात?"

सृष्टीनं घास घेता घेता विचार केला. "नाही की. ते मोडनिंबचं झाल्यावर बंदच झाले. घाबरले असतील."

अक्षतानं भेळेची पुडी खाली ठेवली. रस्त्यावर उभं राहून ओरडावं, असं तिला वाटलं. दसऱ्यापासून रावजीच्या दिवसापर्यंत दुपारी जिल्ह्यात कुणाकुणाला कळा आल्या असतील, कुणाची बाळंतीण अडली असेल, आणि इथं त्यांना खोडसाळ म्हणत होते. चौघींचेही आवाज तुटत होते. खरं लिहिणारी एकटीच होती, म्हणून तिलाच धरलं. आणि रावजी गेल्याबरोबर सगळं आपोआप बरं झालं?

यंत्रं आपोआप बिघडतात. आपोआप बरी होत नाहीत. ती उलट्या पावली केंद्रात गेली. पासवर्ड तिच्याकडं नव्हता, पण जे बघायचं होतं ते बघायला पासवर्डची गरज नव्हती. संस्कृतीच्या साध्या खात्यातूनही ते वाचता येत होतं. आज कोण किती राबतंय हे तिनं बघितलंच नाही. यंत्र चालू झाल्यापासून प्रत्येकानं एकूण किती हाका घेतल्या, तो तक्ता तिनं उघडला. आठ रकाने. पहिल्यावर नजर पडली आणि ती तिथंच खुर्चीत बसली.

५

सोमवारी चौकशीला गुरुसिद्धप्पा मधोमध बसले होते. एका बाजूला भीमाशंकर, दुसऱ्या बाजूला शिवपुत्र. संस्कृती दाराजवळच्या स्टुलावर. अक्षतानं बसायला नकार दिला.

तिनं पहिल्यांदा शिवपुत्रला विचारलं, हातानं केलेली वाटणी यंत्रात किती दिवस टिकते? यंत्र चालू आहे तोवर, तो म्हणाला. कायमची करायची तर वेगळं लिहून ठेवावं लागतं. ते लिहिलं होतं का? नव्हतं. यंत्र बंदच होत नाही, त्यामुळं गरज पडली नाही, असं तो म्हणाला. बोलता बोलता त्याचा आवाज जरा खाली आला.

"आज्जा, खंडेनवमीला काय केलंत ते सांगा यांना."

गुरुसिद्धप्पांनी सांगितलं. बटण बंद केलं, पुसलं, हार घातला, नारळ फोडला. त्यांना अजून काही उमगलं नव्हतं, पण शिवपुत्रनं भीमाशंकरकडं बघितलं आणि भीमाशंकरनी छताकडं.

"बटण बंद झालं त्या क्षणी गणपतीच्या आधीची वाटणी मेली," अक्षता म्हणाली. "परत चालू झालं तेव्हा वाटणी नाही, आणि आपोआप वाटणारा प्रोग्रॅम यांनी आधीच कायमचा बंद केलेला. सगळ्या हाका पहिल्याच्या बोकांडी. म्हणून दसऱ्यापासून खरखर. म्हणून दुपारी जास्त, कारण तेव्हा कॅमेऱ्यांचा भार त्याच्याच डोक्यावर. म्हणून ते बारा टक्के. आठातला एक. यंत्र निर्दोष असल्याचा दाखला म्हणून तुम्ही जो आकडा फडकवत होतात, भीमाशंकर, तोच गुन्ह्याचा पुरावा आहे."

भीमाशंकर म्हणाले, पण परवा तर वाटणी जागच्या जागी होती, मॅडमनी स्वतः बघितली.

"तेच तर. जी वाटणी खंडेनवमीला मेली, ती परवा जिवंत कशी सापडली? गणपतीनंतर कुणीही बोट लावलं नाही म्हणता. मेलेलं माणूस दारात येऊन उभं राहिलं तर त्याला कुणीतरी आणून उभं केलेलं असतं."

मग तिनं तो तक्ता पुढं ठेवला. यंत्र सुरू झाल्यापासून पहिल्या प्रोसेसरनं घेतलेल्या हाका कोटींच्या कोटी होत्या. बाकीच्या सातांच्या त्यापुढं चिल्लर, आणि सातांची चिल्लर जवळपास सारखी. दसऱ्यापासून वाटणी असती तर आठही रकाने सारखे भरले असते. हे सात कामाला लागले ते अगदी अलीकडं, आणि आजच्या वेगानं मागं मोजत गेलं की तो दिवस रावजी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी येतो. यंत्रात कोण शिरलं त्याची नोंद त्याच दिवसापुरती गायब आहे, कुणीतरी पुसली आहे. पण हाकांचा हा हिशोब पुसायचा तर यंत्र बंद करावं लागतं, आणि यंत्र बंद केलं असतं तर सगळ्या केंद्राला कळलं असतं.

"पासवर्ड एकाकडंच असतो, असं तुम्हीच सांगितलंत," ती शिवपुत्रला म्हणाली.

शिवपुत्रनं कपाळावरून हात फिरवला. खोटं रेटायची त्याची तयारी नव्हती, किंवा एकट्यानं बुडायची नव्हती. त्यानं सांगून टाकलं. रावजीच्या दुसऱ्या दिवशी पुण्यात बसून त्यानं सगळ्या हाका एकावरच पडताना बघितल्या, पाच मिनिटांत वाटणी नीट केली आणि लगेच भीमाशंकर साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, झालं ना नीट, मग आता बोलू नकोस. जिल्ह्याचं काम वर्षअखेरीला परत मिळायचंय, केंद्राचं नाव जाईल. पोरगी कच्च्या नोकरीवर आहे, तिचं मी बघतो.

"बघितलंत की," अक्षता भीमाशंकरना म्हणाली. "नुसती चूक असती तर मी तिला चूकच म्हटलं असतं. वाटणी लिहून ठेवली नाही, चूक. न विचारता बटण बंद केलं, चूक. माणसाकडून होतं. पण दोष कुठं आहे ते तुम्हाला दोघांनाही ठाऊक होतं, आणि तरी तुम्ही एका विधवेच्या पुढ्यात या पोरीला उभं केलंत. आठ जणांचं ओझं एकावर टाकायची सवयच दिसते इथं. यंत्रातही आणि माणसांतही."

माझ्या पूजेनं माणूस मारला का, असं गुरुसिद्धप्पांनी पुटपुटत विचारलं. पूजेनं नाही, आज्जा, अक्षता म्हणाली, पूजा तर उघड्यावर झाली. मारलं ते रोजची खरखर 'खोडसाळ' म्हणून झाकणाऱ्या कारभारानं. म्हाताऱ्यानं डोळे पुसले आणि मग तो सवयीनं तडजोडीला लागला. पोरीला उद्यापासून कामावर घेतो, पक्की करतो, दोघांना घालवतो. पण गावभर कशाला, सुम्मने, गुपचूप मिटवून टाकू.

तेव्हा संस्कृती स्टुलावरून उठली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच मान वर करून बोलली.

"नोकरीचं नंतर बघू, अध्यक्ष. बजाबाईंना आधी सांगा. ज्या तोंडानं माझं नाव सांगितलं, त्याच तोंडानं सांगा."

६

मोडनिंबला गाडी पोचली तेव्हा हॉटेल बंद होतं. बजाबाई बाहेरच्या बाकड्यावर बसली होती. संस्कृती उतरलेली बघून ती ताडकन उठली, पण मागून काठी टेकत म्हातारा उतरला आणि त्यानं सरळ हात जोडले, म्हणून थांबली.

गुरुसिद्धप्पांनी सांगितलं, अडखळत, पण काही न लपवता. यंत्र बंद केलं ते माझ्या हुकमानं. बिघडलं ते आमचं. कळल्यावर झाकलं ते आमच्या माणसांनी. या पोरीनं फोन कापला नव्हता. बजाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हाताऱ्याला सोडून संस्कृतीकडं वळली.

"माजा आवाज आला व्हता तुला?"

"आला होता, मावशी. तुकडे तुकडे येत होते. 'मोड' एवढं कळलं, आणि 'मालक'. मी परत लावला, तर लागला नाही."

ऐकून घेऊन कुणीतरी मुद्दाम फोन ठेवला, हे बजाबाईच्या काळजात इतके दिवस काट्यासारखं रुतून बसलं होतं. तिनं संस्कृतीचा दंड धरला, सोडला, परत धरला. लई बोलले गं तुला मी, साऱ्यांदेखत बोलले, असं म्हणून ती पदरानं तोंड पुसायला लागली. संस्कृतीही रडत होती. अक्षतानं हायवेकडं तोंड फिरवलं.

मग बजाबाईचा आवाज बदललेला तिला ऐकू आला.

"तुजं नाव घेनारा कुटं हाय?"

तो गाडीत होता. गुरुसिद्धप्पांनी त्याला बळंच आणलं होतं, पण भीमाशंकर खाली उतरलेच नव्हते. काचा वर, एसी चालू, कानाला मोबाइल. त्यावर पलीकडून कुणी बोलत असेल असं त्यांच्या चेहऱ्यावरून तरी वाटत नव्हतं.

बजाबाई पायात चप्पल न घालताच गाडीपर्यंत गेली. तिनं बोटांच्या पेरांनी काचेवर टकटक केलं. आत भीमाशंकरनी मान दुसरीकडं वळवली. तिनं परत टकटक केलं, आणि वाट बघत उभी राहिली.

"सायेब," ती काचेला तोंड लावून म्हणाली, "फोन न्हाय पोचला माजा. आता समोर हाय तर काच तरी खाली घ्या."